चादर आणायला रॉबिनवेलला

शनिवार-रविवार घरात बसलो की माझ्या पायाला मुंग्या येतात. अश्विनी, माझी बायको, एज्ड केअरमध्ये नर्स आहे. तिच्याच व्हिसावर मी ऑस्ट्रेलियात आलो. तिची वीकेंडला हमखास शिफ्ट लागते, मग मी मेलबर्नच्या कडेला, क्रेगीबर्नच्या घरात एकटा काय करू? गाडी काढतो. इचलकरंजीत होतो तेव्हाही हेच करायचो, फक्त तेव्हा मोटारसायकल होती आणि जोतिबाच्या पुढं जायला पेट्रोल नसायचं.

त्या आठवड्यात सी लेकला जायचं ठरलं होतं. तिथं लेक टिरेल म्हणून मिठाचं तळं आहे. हिवाळ्यात त्यात वीतभर पाणी साचतं आणि सगळं आभाळ खाली उतरतं. फोटो तुम्ही पाहिले असतील. क्लेटनचा माझा दोस्त विक्या कधीपासून मागं लागला होता. विक्या पुण्याचा, इथं युनीत शिकायला आला, पीआर मिळवली, आता कुठल्यातरी बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतो आणि दर महिन्याला नवीन लेन्स घेतो.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलो तर कुंपणापाशी फरजाने खानूम उभी.

ही आमची शेजारीण. इराणची, पन्नाशीची, एकटी राहते. म्हणजे एकटी राहायची. हिवाळ्याच्या सुरुवातीला तिची आई इथं आली. आईला ती मामान म्हणते, म्हणून आम्हीपण मामान. आमचं बोलणं म्हणजे तिची तुटकी इंग्लिश, माझी तुटकी इंग्लिश, आणि मधे जे दोघांचं निघेल ते. आणि निघतं बरंच. ती दाराला दर म्हणते, पडद्याला पर्दे म्हणते, पांढऱ्याला सफीद. पहिल्यांदा तिनं कुंपणावरून पनीर दिलं आणि पनीर म्हणाली तेव्हा मी एवढा हसलो की ती घाबरली. तेव्हापासून मला वाटायला लागलं की मला फारसी निम्मी येतेच.

मामानचं काही ठीक नव्हतं. विसरायला लागली होती. पण विसरणं एक आणि हे एक. सकाळी मी शिफ्टला निघायचो तेव्हा ती पुढच्या खिडकीत उभी असायची. संध्याकाळी आलो की तिथंच, तशीच. एकदा तिनं खिडकीचा जाळीचा पडदा दांडीसकट ओढून काढला आणि डोक्यावरून घेतला, त्याची कड दातात धरली, आणि त्या पांढऱ्या जाळीतून रस्त्याकडं बघत राहिली. पडदा काढून घेतला तर टेबलक्लॉथ. तो घेतला तर आंघोळीचा टॉवेल. बसायची नाही. बसत नाही म्हणून धड जेवायची नाही. अश्विनी एकदोनदा बघून आली, आणि एका चांगल्या नर्सिंग होममध्ये जागा होती तीही तिनंच सांगितली. खानूमला सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं.

कुंपणापाशी खानूमनं जे सांगितलं ते असं. मामान आधी मुलाकडं राहायची, बहमनकडं. तो रॉबिनवेलच्या पलीकडं पिस्त्याच्या बागेत मुकादम होता. बाग विकली गेली, तो पर्थकडं खाणीवर गेला, आणि मामान पडली म्हणून घाईघाईत तिला अंगावरच्या कपड्यांनिशी इथं आणून सोडलं. घर बागेच्या मालकाचं. नवा मालक सोमवारी ते पाडणार. खानूम हायवेवर गाडी चालवत नाही, आणि आईला सोडून जाणार कशी.

"अमोल-जान," ती म्हणाली, "चादोर. मामानची चादोर. सफीद, गुल-गुल, स्मॉल फ्लॉवर. फॉर नमाज. पुश्त-ए-दर. यू ब्रिंग, मेबी मामान सिट. मामान सिट, आय टेल देम नो."

मला सगळं कळलं. चादर. पांढरी, बारीक फुलांची. नमाजाची, म्हणजे खाली अंथरायची. दाराजवळच्या खोलीत. मी इचलकरंजीचा, चादर म्हणजे काय हे मला कुणी सांगायचं? आमच्या गल्लीत चादरीच विणायचे. मी म्हटलं, नो वरीज खानूम, रविवारी चादर तुमच्या घरात. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या मागं खिडकीत मामान उभी होती, पडदा डोक्यावरून घेऊन. ते डोळ्यासमोर असून माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

शनिवारी पहाटे निघालो. जाणार असाल तर सनबरीवरून काल्डर हायवेला लागा, टोल लागत नाही. बेंडिगोपर्यंत रस्ता मोठा आणि कंटाळवाणा. त्यानंतर खरी मजा. चार्लटनला टाकी भरून घ्या, पुढं पंप आहेत पण महाग. तिथल्या बेकरीत कॉफी आणि मटण पाई खाल्ली, म्हणजे पिठाच्या वाटीतला रस्सा समजा, थंडीत बरा लागतो. पुढं वायचेप्रूफ नावाचं गाव लागतं, तिथं रेल्वेचा रूळ भर मेन रोडच्या मधोमध गेलाय. विक्या रुळावर आडवा पडून फोटो काढत होता. एक म्हातारी वॉकर ढकलत थांबली आणि त्याला म्हणाली, उठ रे बाबा, कधीमधी येते गाडी.

गाडीत मी त्याला चादरीचं सांगितलं. तो म्हणाला, "तू पाचशे किलोमीटर बेडशीट आणायला चाललायस?"

"नमाजाची आहे. म्हातारी माणसं आपल्या वस्तूला जीव लावतात."

"अरे, के-मार्टमध्ये वीस डॉलरला सेट येतो, पिलो कव्हरसकट."

सी लेकला दुपारच्या आत पोचलो. गावातल्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारावर, मोठं रंगीत चित्र काढलंय ते बघाच. तळं गावाबाहेर थोड्या अंतरावर आहे, शेवटचा पट्टा कच्चा. गमबूट न्या. नसतील तर अनवाणी चाला, पण मीठ कापतं. आम्ही गेलो तेव्हा वारा अजिबात नव्हता. पाणी घोट्यापर्यंतसुद्धा नाही, आणि आभाळ कुठं संपतं ते शोधून सापडेना. विक्या पुढं चालत गेला आणि थोड्या वेळानं दोन विक्या दिसायला लागले, एक वर, एक उलटा. त्याचं बोलणं मात्र कानाशी बोलल्यासारखं ऐकू येत होतं. मला ते आवडलं नाही. माणूस लांब आणि आवाज जवळ, हे उलटंच.

"त्या बायका कधी आल्या?" त्याचा आवाज माझ्या कानात म्हणाला.

मी बघितलं. तळ्यात आत, बऱ्याच लांब, पाचसहाजणी ओळीनं उभ्या होत्या. पांढऱ्या, डोक्यावरून काहीतरी घेतलेल्या, चेहरा आमच्याकडं. हलत नव्हत्या. विक्यानं मोठी लेन्स लावली आणि मग हसला. जुने लाकडी खांब होते, कुठल्यातरी जुन्या कुंपणाचे, वरपासून खालपर्यंत मीठ चढलेले. मीपण हसलो. पण परत येताना मी दोनदा मागं वळून बघितलं, आणि विक्यानंही बघितलं. फोटोत खांबच आहेत.

सी लेकनंतर काल्डर सोडून मनांगतांगवरून रॉबिनवेलचा रस्ता धरायचा. सरळ, रिकामा, मोबाईलला रेंज नाही. संध्याकाळी कांगारू आडवे येतात, म्हणून उजेडातच पोचा. शेवटी शेवटी बदामाच्या बागा सुरू होतात, त्यानंतर द्राक्षं, त्यानंतर पिस्ते. हिवाळ्यात पिस्त्याला एक पान नसतं. काळीकरडी झाडं, सारखी छाटलेली, रांगेमागून रांग. गाडी चालत असली की त्या रांगा उघडतात आणि मिटतात, उघडतात आणि मिटतात. प्रत्येक रांगेच्या टोकाला कुणीतरी आत्ताच आडोशाला सरकल्यासारखं वाटतं. विक्यानं गाणी बंद केली.

किल्ली शेजारच्या ब्लॉकवरच्या केव्हकडं होती. केव्ह सत्तरीचा, लाल नाकाचा, पायाशी तसलंच म्हातारं कुत्रं. त्यानं किल्ली दिली, उद्या जाताना पत्र्याच्या डब्यात टाका म्हणाला. मग सहज विचारावं तसं म्हणाला, म्हातारी गेली नाही काय अजून? मी म्हटलं, ती तर केव्हाच मेलबर्नला आली. केव्हनं टोपी मागं सरकवली. म्हणाला, मंगळवारी खिडकीत उभी होती की, मी हातसुद्धा केला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पडदा असेल, मेट. नो वरीज."

त्याचं कुत्रं आमच्याबरोबर फाटकापर्यंत आलं आणि तिथं बसलं.

घर लाकडी, खांबांवर उचललेलं, पुढं व्हरांडा. विक्या म्हणाला, तू जा, मी गाडी वळवून ठेवतो. गाडी वळवायला माणूस किती वेळ घेतो ते तुम्हाला माहीत आहे, हा मी परत येईपर्यंत वळवत होता.

माझं कामच हे आहे. आठवडाभर मी रिमूव्हलिस्टचं काम करतो, लोकांची घरं रिकामी करतो. फर्निचर उचलायचं, ट्रकमध्ये भरायचं, किल्ली द्यायची. रिकाम्या घराचं मला काही वाटत नाही. आणि कामावर पुढं लोखंड असलेले बूट काढायचे नाहीत असा नियम आहे, त्यामुळं मी तसाच बुटांसकट आत गेलो. लहानपणी असं गेलो असतो तर आईनं उंबऱ्यावरच झोडपलं असतं.

आत थंडी बाहेरपेक्षा जास्त. बैठकीच्या खोलीत खिडकीपुढं एक छोटा गालिचा, बाकी काही नाही. मी सगळ्या खिडक्या बघितल्या. एकाही खिडकीला पडदा नव्हता. पडद्याची दांडीसुद्धा नव्हती.

दाराजवळच्या खोलीचं दार अर्धं उघडलं आणि पुढं जाईना. मागं काहीतरी मऊ अडत होतं. मी आत सरकलो. पलंगावर चादर होती, पांढरी, निळ्या बारीक फुलांची. बरोबर तीच. मी ती ओढली, घडी घातली. घडी घालताना दार माझ्या मागं हळूच मिटायला लागलं, जुन्या घरांत दारं मिटतात तसं. आणि दाराच्या मागं जी उभी होती ती मला दिसली.

डोक्यापासून जमिनीपर्यंत पांढरी. अंगभर बारीक गुलाबी फुलं. मान थोडी खाली. मला बघून दारामागं झाली असावी तशी, भिंतीला पाठ लावून.

मी ओरडलो नाही. मी तिच्याकडं न बघता, चादर छातीशी धरून, तिच्या अंगावरून जाणारं दार उघडलं आणि बाहेर आलो. माझ्या बुटांचा आवाज मला फार मोठा वाटला. कुलूप लावलं. विक्यानं विचारलं, मिळाली? मी म्हटलं, मिळाली. कपडा असेल खुंटीवरचा, हे मला व्हरांड्याच्या पायरीवरच सुचलं होतं. सुचलं म्हणून परत आत जाऊन बघावंसं मात्र वाटलं नाही.

रॉबिनवेलला मरे नदीच्या काठावर कॅराव्हॅन पार्क आहे, तिथं केबिन घेतली. दोघांत परवडते, हीटर चालतो, चादरी त्यांच्या असतात. सूर्य मावळताना नदी अगदी तपकिरी आणि शांत होती, पलीकडच्या काठावर पेलिकन बसलेले. विक्या त्यांच्या मागं गेला. मी आणलेल्या चादरीचा फोटो काढून खानूमला पाठवला.

लगेच व्हिडिओ कॉल आला. खानूम आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग पाणीच राहिलं, हसू गेलं.

"अमोल-जान, दॅट इज बेड," ती म्हणाली. "चादोर. चादोर!" आणि तिनं फोन कशालातरी टेकवून ठेवला, उठली, आपल्या खोलीचं दार ओढलं आणि दारामागच्या खुंटीवरून एक फुलाफुलांचं कापड काढलं.

अर्धा गोल होता, पसरला तेव्हा दिसलं. बटण नाही, हुक नाही, बाही नाही. तिनं एका झटक्यात तो डोक्यावरून घेतला, आणि जीन्स-स्वेटरमधली आमची शेजारीण त्यात नाहीशी झाली. फक्त चेहरा राहिला, हळदीकुंकवाला आलेल्या बाईसारखा गोल. दोन्ही हातांत काही धरायचं असलं की कड दातात धरतात, तेही करून दाखवलं. काळी ती रस्त्यावरची, म्हणाली. ही घरातली, नमाजाची. हलकी, सुती, फुलांची. घरात बाई डोक्यावर घेते, कामाला लागली की कमरेला गुंडाळते, आणि ती कायम दारामागं टांगलेली असते, कारण बेल वाजली की हात आधी तिथं जातो. पुश्त-ए-दर. दारामागं. मामानची तिच्या लग्नात आलेल्या कापडाची आहे. खानूमनं नव्या दोन आणून दिल्या, आपली दिली, मामान हात लावत नाही. दुसऱ्याची घालून नमाजाला कशी बसू म्हणते.

म्हणजे मी जिच्यापासून पळालो तीच मला आणायला सांगितली होती.

मी म्हटलं, उद्या आणतो. आवाज नीट आला नाही बहुतेक, कारण खानूम म्हणाली, नाही जमलं तर राहू दे. मग ती मागं खिडकीकडं बघून हळू आवाजात बोलली. आज दुपारपासून मामान फार चिडलीय. एकच धोशा, माझ्या घरात माणूस आला, बूट घालून आला, गालिच्यावरून गेला. मी किती सांगितलं, मामान, इथं कुणी आलं नाही.

मी खाली बघितलं. बूट पायातच होते.

"अजून काय म्हणाली?" मी विचारलं.

खानूमनं शब्द शोधले. "शी से, आय ॲम स्टँडिंग. बिहाइंड डोअर. ही सी मी, ही गो."

मी बुटांचं तिला सांगितलं नाही. विक्या आल्यावर त्याला सांगितलं, सगळं. तो म्हणाला की डिमेन्शियात पेशंट असं काहीबाही बोलतात, योगायोग असतो. मग म्हणाला, "दिवा चालू ठेवू या का?"

रविवारी सकाळी धुकं. नदी दिसत नव्हती, पलीकडचा पूल नव्हता, गाडीचे दिवे चार हातांवर संपत होते. पिस्त्याच्या रांगा नुसत्या अंदाजानं कळत होत्या. फाटकापाशी केव्हचं कुत्रं कालच्याच जागी बसलेलं होतं, की रात्रभर तिथंच होतं, देव जाणे. किल्ली रात्रभर माझ्या खिशात होती हे इथं सांगून ठेवतो, कारण पुढं विक्यानं हा मुद्दा तीनदा काढला.

तो म्हणाला, मी येतो. पायरीपर्यंत आला. मग म्हणाला, इथनं मला तू दिसतोस, बास आहे की.

व्हरांड्याच्या फळ्या धुक्यानं ओल्या होत्या. मी बूट काढले आणि जोडीनं दाराशी ठेवले, बोटं बाहेरच्या बाजूला. मोजे लगेच भिजले. दार उघडलं. काय बोलावं कळेना, पण न बोलता आत जाववेना. मी मराठीतच म्हटलं, "मामान, येऊ का?"

दाराजवळच्या खोलीचं दार या वेळी पूर्ण उघडलं. भिंतीला जाऊन टेकलं. मागं काहीच नव्हतं. खुंटी होती, रिकामी.

मी बैठकीच्या खोलीत गेलो. खिडकीपुढच्या गालिच्यावर ती होती. खाली पडलेलं कापड सपाट पसरतं, मी रोज पाहतो. हे तसं नव्हतं. गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलेल्या माणसाएवढा उंचवटा, खिडकीकडं, पश्चिमेकडं तोंड करून. कालच मी याच गालिच्यावरून बुटांनी गेलो होतो. माझ्या टाचेचा मातीचा छाप अजून त्यावर होता, आणि चादरीची एक बाजू त्या छापाला टाळून पडली होती.

मी गालिच्याच्या बाहेर बसलो. उभ्यानं ओढून घ्यायला हात होईना. कड धरून हळूहळू जवळ घेतली, आणि तो उंचवटा खाली बसला, एखाद्यानं श्वास सोडावा तसा. आत काही नव्हतं. कापड जुनं, इतकं धुतलेलं की मऊ झालेलं. गुडघे टेकतात तिथं विरलेलं, एका ठिकाणी पांढऱ्या दोऱ्यानं रफू. गुलाबपाण्याचा वास. आणि समोरची कड, हनुवटीखाली येते ती, जी दातात धरतात ती, बोटभर जागा ओली होती. तेवढीच. बाकी चादर कोरडी.

मी ती घडी घातली, चौकोनी होत नाही, अर्ध्या गोलाची घडी घालायला जमत नाही, तशीच हातांवर घेतली. निघताना दार ओढून घेतलं. थँक यू म्हणालो की येतो म्हणालो, आठवत नाही.

विक्या म्हणाला, धुकं. लाकडी घर, फटी असतात, ओल येते. मी म्हटलं, बोटभरच? तो म्हणाला, आणि तू काल दार आपटलं असशील, खुंटीवरून पडली असेल. मी म्हटलं, दुसऱ्या खोलीत? तो म्हणाला, वारा. मी त्याच्याकडं बघितलं. त्या दिवशी वारा कसला, धुकं जागचं हललं नव्हतं. "मग किल्ली कुणाकडं होती?" तो म्हणाला. माझ्याकडं. "रात्रभर?" रात्रभर. मनांगतांग येईपर्यंत तो हेच विचारत राहिला आणि त्यानंतर एकदम बोलायचा थांबला. सी लेकला तळ्याकडची पाटी आली तेव्हा मी वेग कमी केला. तो म्हणाला, "नको." बस, एवढंच.

माझे मोजे ओलेच होते, पाय बधिर झाले म्हणून चार्लटनला पेट्रोल भरताना बूटमोजे काढून डिकीत टाकले. घरी पोचेपर्यंत अनवाणी पायांनीच गाडी चालवली.

खानूमच्या दारात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मामान खिडकीत उभी, जाळीचा पडदा डोक्यावर. गाडीत पडलेल्या सपाता पायात अडकवल्या होत्या, त्या दाराबाहेर काढल्या आणि आत गेलो. चादर खानूमच्या हातात दिली. तिनं ती नाकाशी धरली आणि आईपुढं उभी राहिली.

मामाननं कापडाकडं बघितलं. पडदा दातातून सोडला, तो खाली पडला, तिच्या लक्षातही आलं नाही. तिनं चादर घेतली, टोकं चाचपली, रफू केलेली जागा अंगठ्यानं शोधली आणि ती सापडली तेव्हा मान हलवली. मग एका झटक्यात डोक्यावरून. इतके दिवस जिला मी खिडकीतली सावली समजत होतो ती बाई माझ्यासमोर उभी होती, बुटकी, जाड भुवयांची, घरात नको त्या वेळी पाहुणा आल्यावर बाया बघतात तशी माझ्याकडं बघत.

तिची नजर खाली माझ्या पायांवर गेली. अनवाणी पायांवर. तिनं खानूमला नाही, मला विचारलं:

"जोराबत खीस शोद?"

जोराब मला कळलं. आमच्या मागावर यूपीचे कामगार होते, ते मोज्यांना जुराब म्हणायचे. तरी मी खानूमकडं बघितलं, या वेळी मला कळलंच असं धरून चालायचं नव्हतं.

खानूम गोंधळली होती. "शी आस्क, युवर सॉक्स गॉट वेट?" ती म्हणाली. "व्हॉट सॉक्स, अमोल-जान?"

मी मामानला म्हटलं, हो. मानेनं. तिनं जीभ टाळूला लावून च्च केलं, माझी आई करायची तसं, आणि हीटरकडं बोट दाखवलं, तिथं बस. मग ती वळली, पश्चिमेच्या भिंतीकडं गेली आणि बसली. कितीतरी दिवसांनी बसली. खानूम स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून रडत होती, आवाज न करता, कारण आईची नमाज चालू होती. मी हीटरपाशी पाय शेकत बसलो. त्यानंतर मामाननं वाटीभर भात आणि दही खाल्लं. सोमवारी खानूमनं नर्सिंग होमला फोन करून नाही सांगितलं. आता नाही, असं म्हणाली. पुढचं पुढं.

केव्हचा बुधवारी मेसेज आला, घर पाडलं. बाकी काही लिहिलं नव्हतं.

तळं बघायला जरूर जा, ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, वारा नसलेला दिवस धरून. रॉबिनवेलला पिस्ते घ्या, रस्त्याकडेला मिळतात, इथल्यापेक्षा स्वस्त आणि खारवलेले चांगले. निळ्या फुलांची ती पलंगावरची चादर आमच्याकडंच आहे, खानूमनं परत घेतली नाही. अश्विनीनं धुऊन कपाटात ठेवलीय, अजून अंथरली नाही.

विक्यानं तळ्याचे फोटो टाकले, शंभर लाइक आले. खांबांचा टाकला नाही.

माझं काम तेच. आठवड्याला चारपाच घरं, दुसऱ्या शहरातून कुणाचं सामान मेलबर्नला आलं की तेही. बूट काढता येत नाहीत, नियम आहे. पण रिकाम्या घराच्या दाराशी मी थांबतो. माझ्याबरोबरची पोरं आधी हसायची, आता नुसती वाट बघतात. मी हळूच विचारतो, येऊ का. थोडं थांबतो. मग आत जातो, आणि सगळ्यात आधी प्रत्येक दाराच्या मागं बघतो, कुणी उभं राहिलंय का.